ब्रेक्झिटची भांडणं क्लिपमध्ये नको, अख्खी बघा: ब्रिटिश संसदेच्या लाइव्ह सेवेबद्दल

पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईलच. सेवा म्हणजे ब्रिटिश संसदेचं स्वतःचं लाइव्ह प्रक्षेपण, पार्लमेंटलाइव्ह डॉट टीव्ही, आणि त्याच्या जोडीला त्यांचं हॅन्सर्ड, म्हणजे सभागृहात कोण काय बोललं त्याची शब्दांतली नोंद, जी काही तासांत नेटवर येते. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, लॉगिन नाही. कॉमन्स म्हणजे निवडून आलेल्या खासदारांचं सभागृह, लॉर्ड्स म्हणजे वरचं सभागृह, वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या छोट्या चर्चा आणि खासदारांच्या समित्यांच्या बैठका, सगळं त्या त्या वेळी लाइव्ह दिसतं आणि नंतर रेकॉर्डिंगही राहतं, वर्षानुवर्षं. ओळखीतलं कोणी ना कोणी अजूनही विचारतं की ब्रेक्झिटच्या वेळी, म्हणजे ब्रिटन युरोपीय महासंघातून बाहेर पडत होतं तेव्हा, एवढी साडेतीन वर्षं नेमकं चाललं काय होतं गं, नुसतं ऑर्डर ऑर्डर ओरडणं आठवतं, तेव्हा दर वेळी मी लिंक पाठवते आणि दर वेळी तेच तेच समजावते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

मी इंग्लंडमधल्या पीटरबरोत राहते. एका छोट्या फ्रेट फॉरवर्डिंग ऑफिसात इम्पोर्ट डेस्कवर आहे, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मालाची कागदपत्रं तपासायची, कमोडिटी कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा नंबर, लावायचा, कस्टम्सला डिक्लेरेशन टाकायचं आणि ट्रक सुटला का ते बघायचं. २०१६ मध्ये माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता तरी २३ जूनच्या सार्वमतात मी मत दिलं, कारण इथे राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना तो हक्क होता. आमच्या शेजारची पोलिश बाई, माझ्या कितीतरी आधीपासून इथे राहणारी, टॅक्स भरणारी, पोरं इथल्याच शाळेत, तिला मात्र नव्हता. मी मत देऊन परत आले तेव्हा ती दारातच उभी होती, तिने फक्त विचारलं, रांग होती का? मी नाही म्हटलं आणि घरात आले आणि मला कसंतरीच झालं. देशाचा कौल आला ५१.९ विरुद्ध ४८.१, आमच्या पीटरबरोत जवळपास ६१ टक्के लोक बाहेर पडायच्या बाजूने होते. माझं मत राहण्याच्या बाजूने होतं, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुठे उभी आहे ते माहीत असेल.

पहिली दोन वर्षं मी सगळ्यांसारखीच बातम्या बघत होते. मग एके रात्री एका चॅनेलवर चार लोक बसून बोलत होते आणि त्यातला एक म्हणाला की कस्टम्सचा फॉर्म म्हणजे काय, कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम. मला एवढा राग आला म्हणून सांगू, कारण तेच तर माझं काम, दिवसभर तेच करते मी. चीनमधून किंवा भारतातून येणाऱ्या कंटेनरचं एक डिक्लेरेशन करायला कधी कधी अर्धा दिवस जातो, इन्व्हॉइसवर वजन एक असतं, पॅकिंग लिस्टवर दुसरं, कोड चुकला की ड्यूटी चुकते, ड्यूटी चुकली की माल अडकतो, माल अडकला की बंदरातलं भाडं चढायला लागतं. आणि युरोपातून येणाऱ्या मालाला १ जानेवारी १९९३ पासून यातलं काहीच लागत नव्हतं, कोलोनहून निघालेला ट्रक लीड्सहून निघाल्यासारखाच यायचा. ऑफिसातल्या अर्ध्या लोकांनी युरोपसाठी कस्टम्सचा कागद आयुष्यात कधी भरलेला नव्हता. पण समोरच्या तिघांपैकी एकानेही त्या माणसाला अडवलं नाही. त्या रात्री मी शोधायला लागले की हा विषय कुठेतरी नीट, आकड्यांसकट बोलला जातोय का, आणि अशी या सेवेवर पोचले.

आधी समित्यांबद्दल, कारण माझ्या मते खरा खजिना तिथेच आहे आणि लोक तिकडे फिरकतच नाहीत. २३ मे २०१८ ची ट्रेझरी कमिटीची, म्हणजे अर्थखात्यावर लक्ष ठेवणाऱ्या समितीची, बैठक शोधा, अध्यक्षपदी निकी मॉर्गन. समोर कर आणि कस्टम्स खात्याचे मुख्य अधिकारी जॉन थॉम्पसन. तेव्हा सरकारपुढे दोन योजना होत्या, त्यातली एक मॅक्स फॅक नावाची, म्हणजे कस्टम्स युनियनमधून, ज्या गटातल्या देशांत आपसांत ड्यूटी नसते त्यातून, पूर्ण बाहेर पडायचं आणि तंत्रज्ञानाच्या मदतीने सीमेवरचं काम शक्य तितकं सोपं करायचं. ऐकायला छानच. खासदारांनी विचारलं, याचा धंद्यांना खर्च किती? आणि तो माणूस आवाज न चढवता, एकही मोठा शब्द न वापरता सांगतो की एका डिक्लेरेशनला सरासरी साडेबत्तीस पौंड धरा, मग किती कोटी डिक्लेरेशन वाढतील ते धरा, मग माल मुळात कुठला हे सिद्ध करायचा खर्च धरा, आणि बेरीज वर्षाला १७ ते २० अब्ज पौंडांपर्यंत जाते. वर्षाला! हेडफोन लावून डब्यातली भाजी-पोळी खाता खाता मी ते ऐकत होते आणि माझा घास हातातच राहिला. मी जे रोज करते त्याची किंमत कोणीतरी पहिल्यांदा देशासमोर मोठ्याने मोजली होती. त्याच्याशी सगळे सहमत झाले नाहीत, पुढे त्या आकड्यावर बरंच भांडण झालं, पण भांडायला आकडा तरी मिळाला ना.

तसंच नोव्हेंबर २०१७ मध्ये उद्योग खात्याच्या समितीपुढे होंडाची साक्ष झाली होती. त्यांनी सांगितलं की त्यांच्या तेव्हाच्या स्विंडनच्या कारखान्यात युरोपातून रोज साधारण ३५० ट्रक पार्ट्स घेऊन येतात आणि असेंब्ली लाइनपाशी जेमतेम तासाभराचा साठा असतो. ज्याने कधी ट्रकची वाट बघितलीय त्याला यापुढे काही समजवायला लागत नाही. बरं, साक्ष देणारे लोक कुठल्या पक्षाचे नसतात, त्यांना कोणाला जिंकायचं नसतं, त्यामुळे तिथली भाषाच वेगळी असते, संथ आणि नेमकी. दोन तासांची बैठक, त्यात चाळीस मिनिटं कंटाळवाणी जातात हे मान्य, पण प्लेअरमध्ये पाहिजे तिथे मागे-पुढे जाता येतं आणि नंतर त्याच बैठकीची लेखी प्रतही मिळते, त्यामुळे आधी वाचायचं आणि मग पाहिजे ते दहा मिनिटं बघायचं, मी तरी असंच करते.

मुख्य सभागृहाचं प्रकरण वेगळं. तिथे ६५० खासदार आणि बसायला जागा सुमारे ४२७, त्यामुळे मोठ्या दिवशी लोक दाराशी उभे, पायऱ्यांवर बसलेले, एकमेकांना खेटून. मतदानही बटण दाबून नाही, उठून चालत जायचं, हो म्हणणारे एका लॉबीत आणि नाही म्हणणारे दुसऱ्या, घंटा वाजते, आठ मिनिटांनी दारं बंद होतात, मोजणारे टेलर दाराशी उभे राहून मोजतात. प्रक्षेपणात या पंधरा मिनिटांत काहीच घडत नाही, नुसता रिकामा होत जाणारा आणि परत भरत येणारा हॉल दिसतो. चॅनेलवाले अशा वेळी स्टुडिओत बडबड सुरू करतात. इथे ती नसते, आणि मला तीच शांतता फार आवडायला लागली, आपल्याला आपला विचार करायला पंधरा मिनिटं मिळतात.

१५ जानेवारी २०१९ ला तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडायचा करार मताला आला. ५८५ पानांचा करार, ब्रसेल्समध्ये महासंघाच्या बाजूने वाटाघाटी करणाऱ्या मिशेल बार्निए यांच्या टीमबरोबर दीड वर्ष घासाघीस करून आणलेला. त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघाले, गाडी पार्क करून गाडीतच फोन लावून बसले कारण घरी पोचेपर्यंत निकाल लागला असता. टेलर समोर येऊन उभे राहिले, कागद वाचला, हो म्हणणारे २०२, नाही म्हणणारे ४३२. सरकार २३० मतांनी हरलं. एक मोठा आवाज उठला, तो बाहेरच्या चौकातल्या लोकांचाही असेल असं मला वाटलं, पण कॅमेरा आतच होता. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झाला नाही. एवढं सगळं करून आणलेला करार गेला, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं याचं कोणाकडेच बहुमत नव्हतं, हे त्या रात्रीच कळलं. सरकारवर लगेच अविश्वास ठराव आला आणि दुसऱ्याच दिवशी तोही ३२५ विरुद्ध ३०६ ने पडला, म्हणजे करार नको आणि सरकार मात्र राहू दे.

मग १२ मार्चला तोच करार परत आला, ३९१ विरुद्ध २४२ ने परत हरला. तिसऱ्यांदा आणायला निघाले तर सभापती जॉन बर्को यांनी १८ मार्चला उभं राहून सांगितलं की एकाच अधिवेशनात तोच प्रश्न परत परत मताला आणता येत नाही, आणि दाखला दिला १६०४ सालचा. लोकांना बर्को म्हणजे फक्त ते ओरडणं माहितीये, पण ती निवेदनं अख्खी ऐकलीत तर लक्षात येतं की नियम काय, तो कशासाठी आहे, सरकारने आता काय करायला हवं, हे किती पायरी पायरीने सांगितलंय. त्यांचं चूक की बरोबर यावर माझ्या नवऱ्याचं आणि माझं अजून एकमत नाही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी बघितली गेलेली बैठक म्हणजे १ एप्रिल २०१९ ची. झालं असं की करार पटत नाही तर मग सभागृहाला काय पटतं ते तरी बघू, म्हणून वेगवेगळे पर्याय मताला ठेवले. २७ मार्चला आठ पर्याय, आठही पडले. १ एप्रिलला त्यातले चार परत. त्यात केन क्लार्क यांचा प्रस्ताव होता, युरोपीय महासंघातून बाहेर पडा पण कायमच्या कस्टम्स युनियनमध्ये राहा. हे केन क्लार्क म्हणजे सभागृहातले सगळ्यात जुने खासदार, आणि २०१७ मध्ये बाहेर पडायची नोटीस द्यायच्या विधेयकावर दुसऱ्या वाचनात विरोधात मत देणारे हुजूर पक्षाचे एकटेच. तोच माणूस आता उभा राहून म्हणत होता की बरं, बाहेर पडायचं तर पडू पण निदान माल तरी अडवू नका. २७३ विरुद्ध २७६. तीन मतांनी गेला. तीन! म्हणजे नुसती दोन माणसं ह्या लॉबीतून त्या लॉबीत गेली असती तरी पारडं फिरलं असतं. तो प्रस्ताव सरकारला बांधील नव्हता हे मला माहितीये, पण आज मी टेबलावर जे कागद रचते त्यातले बरेचसे त्या तीन मतांच्या पलीकडे आहेत असं मला वाटतं, आणि ते रेकॉर्डिंग मी आत्तापर्यंत चारदा तरी बघितलंय.

त्याच दिवशी तिकडे वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये पिटिशनवरची चर्चा चालू होती. संसदेची ई-पिटिशन ही याच सेवेची बहीण म्हणा, १०,००० सह्या झाल्या की सरकार उत्तर देतं, एक लाख झाल्या की चर्चेला घ्यायचा विचार होतो. बाहेर पडायची नोटीस मागे घ्या या मागणीवर तेव्हा ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या होत्या, २१ मार्चला तर लोंढ्याने साइट बंद पडली होती, ते पेपरांतही आलं होतं. मी दोन टॅब उघडून बसले होते, एकात हॉल आणि एकात सभागृह. लोकांना वाटलं ६० लाख म्हणजे काहीतरी होणारच. सरकारने आधीच उत्तर दिलं होतं की नोटीस मागे घेणार नाही, आणि चर्चेच्या शेवटी तिथे निर्णायक मतदान वगैरे काही नसतं, खासदार बोलतात आणि उठतात. माझीही सही होती त्यात. एवढ्या लोकांची इच्छा आणि हातात फक्त एक चर्चा, हे त्या दिवशी फार लागलं, पण निदान ती चर्चा काय झाली, कोण आलं, कोण आलंच नाही, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी बघता आलं.

आणि दोनच दिवसांनी, ३ एप्रिलला, करार नसताना बाहेर पडू नये म्हणून मुदतवाढ मागायला लावणारं विधेयक, इवेट कूपर आणि ऑलिव्हर लेटविन या खासदारांनी आणलेलं, ३१३ विरुद्ध ३१२ ने पास झालं. एका मताने. आता पीटरबरोच्या माणसाला हे मत विसरणं शक्यच नाही, कारण आमच्या तेव्हाच्या खासदार फिओना ओनासान्या यांना कोर्टाने तुरुंगवासाची शिक्षा दिली होती, त्या नुकत्याच सुटून आल्या होत्या, आणि त्या ३१३ मध्ये त्यांचं मत होतं. इथे त्यांना परत बोलवायची, म्हणजे खासदारकी रद्द करायची प्रक्रिया चालूच होती, १ मे ला ती पूर्ण झाली आणि जूनच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाने ब्रेक्झिट पार्टीपेक्षा फक्त ६८३ मतं जास्त घेऊन जागा राखली. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूचे लोक दारोदार येत होते. तेव्हा मी संसदेच्या मतविभागणीच्या पानावर नाव टाकून आमच्या खासदाराने कधी काय मत दिलं ते काढून बसायचे, कारण पत्रकात काय छापलंय त्यापेक्षा ते पान खरं. हे पान कोणालाही बघता येतं, नावानिशी, प्रत्येक मतदानाचं. ही एकच गोष्ट असती तरी मी या सेवेला चार स्टार दिले असते.

आता आयर्लंडच्या सीमेबद्दल, कारण सगळ्या वाटाघाटी शेवटी तिथेच येऊन अडकत होत्या. सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, तिच्यावर दोनशेहून जास्त रस्ते, १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथल्या चौक्या गेल्या, लोक दूध आणायला इकडून तिकडे जातात. एक बाजू महासंघात आणि एक बाहेर, मग माल कुठे तपासायचा? याला उत्तर म्हणून बॅकस्टॉप नावाची तरतूद आली, दुसरा मार्ग निघेपर्यंत या सीमेवर तपासणी लागू नये अशी हमी, आणि तिच्यावरून सगळा खेळ मोडला. पण प्रक्षेपण बघताना एक गोष्ट बातम्यांनी कधी दाखवली नव्हती ती दिसली. तेव्हा उत्तर आयर्लंडच्या १८ जागांपैकी १० डीयूपीच्या, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू म्हणणाऱ्या पक्षाच्या, आणि ७ सिन फेनच्या, म्हणजे आयर्लंड एक करा म्हणणाऱ्या पक्षाच्या, आणि सिन फेनचे खासदार तत्त्व म्हणून वेस्टमिन्स्टरमध्ये बसतच नाहीत. सीमेला लागून असलेले मतदारसंघ तेव्हा सगळे त्यांच्याकडेच. म्हणजे ज्या सीमेवर दिवस दिवस चर्चा चालली, तिथला निवडून आलेला माणूस त्या सभागृहात एकही नाही. उरल्या एकट्या लेडी सिल्व्हिया हर्मन, अपक्ष. त्या उभ्या राहिल्या की मी आवाज वाढवायचे. सभागृह भरलेलं असलं तरी त्या बोलताना शांत व्हायचं, त्या चिडायच्या, त्यांचा आवाज कापायचा, आणि त्या सांगायच्या की उत्तर आयर्लंडमध्ये बहुमत राहण्याच्या बाजूने होतं आणि शांतता ही गृहीत धरायची गोष्ट नाही. त्यांची भाषणं हॅन्सर्डवर वाचू नका, बघा.

एक दिवस असाही होता की मी लॅपटॉप बंद केला. २५ सप्टेंबर २०१९. मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी संसद संस्थगित केली होती, ती बेकायदा असल्याचा निकाल आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने दिला होता आणि सभागृह परत भरलं होतं. मजूर पक्षाच्या खासदार पॉला शेरिफ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की शरणागती, विश्वासघात असे शब्द वापरू नका, आम्हाला येणाऱ्या धमक्यांत हेच शब्द असतात, आणि त्यांनी भिंतीवरच्या जो कॉक्स यांच्या स्मृतिचिन्हाकडे हात केला. जो कॉक्स म्हणजे सार्वमताच्या एक आठवडा आधी, १६ जून २०१६ ला, आपल्याच मतदारसंघात खून झालेल्या खासदार. पंतप्रधानांनी याला उत्तर देताना हंबग हा शब्द वापरला, म्हणजे भंपकपणा. मला पुढे ऐकवेना. पण मी आजही म्हणेन की हे न कापता दाखवलं गेलं हे बरंच झालं, उद्या कोणी म्हटलं की असं काही झालंच नव्हतं तर ते तिथे आहे, तारखेसकट.

हे सगळं वाचून वाटेल की ही बाई आपल्या बाजूचंच बघत बसली असेल. तर तसं नाही झालं. आमच्याकडे माल घेऊन येणारा एक ड्रायव्हर आहे, लिंकनशायरमधल्या बॉस्टनचा, जिथे ७५ टक्क्यांहून जास्त लोकांनी बाहेर पडायला मत दिलं, देशात सगळ्यात जास्त. तोही त्यातलाच. आमचं आधी नुसतं गुड मॉर्निंग, मग एकदा तो मला स्क्रीनकडे बघताना दिसला आणि म्हणाला, कॅरोलाइन फ्लिंट काय बोलली बघितलं का? त्या मजूर पक्षाच्या, स्वतः राहायच्या बाजूच्या, पण डॉन व्हॅलीतल्या त्यांच्या बहुसंख्य मतदारांनी उलट मत दिलं म्हणून त्या सारखं म्हणायच्या की लोकांना विचारलंत ना, मग उत्तर माना. मी नव्हतं बघितलं. घरी जाऊन बघितलं, अख्खं. पटलं असं नाही, पण त्या ड्रायव्हरला एवढी वर्षं कोणी काही विचारलंच नव्हतं आणि एकदा विचारलं तर आता परत सार्वमत घेऊ म्हणतायत, हा त्याचा राग मला पहिल्यांदा समजला. मग मी त्याला थॉम्पसन यांची ती समितीतली साक्ष दाखवली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, पैशाचं माहीत होतं गं, तरी दिलं मत. यावर मी काय बोलणार. पण एवढं बोलणं तरी झालं, व्हॉट्सअॅपवरच्या क्लिपांनी ते कधी झालं नसतं.

आता अर्धा स्टार का कापला. एक म्हणजे नवख्या माणसाला हात धरून नेणारं तिथे कोणीच नाही. स्क्रीनवर बोलणाऱ्याचं नाव येतं, पण आत्ता चाललेली उपसूचना कशावरची, ती पास झाली तर काय होईल, काही कळत नाही, कार्यक्रमपत्रिका वेगळीकडे, विधेयक वेगळीकडे, आणि त्यातली भाषा अशी की मला दोन वर्षं लागली रुळायला. १९ ऑक्टोबर २०१९ ला शनिवारी सभागृह भरलं, १९८२ च्या फॉकलंड युद्धानंतर पहिल्यांदाच, लेटविन यांची उपसूचना ३२२ विरुद्ध ३०६ ने पास झाली, आणि अर्ध्या लोकांना कळलंच नाही की आता जॉन्सन यांचा नवा करार मंजूर झाला की लटकला. लटकला होता. दुसरं म्हणजे कॅमेरा बोलणाऱ्यावरच जास्त करून असतो, समोरच्यांचे चेहरे फारसे दिसत नाहीत. मी एकदा स्वतः जाऊन गॅलरीत बसले, क्रॉमवेल ग्रीनच्या दाराने, रांगेत उभं राहून, फुकटच असतं तेही. मध्ये मोठी काच आहे. पण काचेतून दिसलं की एकमेकांवर तुटून पडणारे दोघं भाषण संपल्यावर मागच्या बाजूला उभे राहून हळू आवाजात काहीतरी ठरवतायत. ते स्क्रीनवर कधी येत नाही. आणि तिसरं, हा सेवेचा दोष नाही पण बघणाऱ्याने लक्षात ठेवावं, खऱ्या वाटाघाटी ब्रसेल्समध्ये बंद खोलीत होत होत्या. मात्र महासंघ आपली भूमिकापत्रं नेटवर टाकत होता, ती बाजूला उघडून ठेवली की लंडनमध्ये चाललेल्या वादात किती गोष्टी समोरच्याने आधीच नाही म्हणून सांगितलेल्या होत्या ते कळतं.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी १५ जानेवारीपासून करू नका, तो दिवस नाट्यमय आहे पण का घडला ते कळणार नाही. आधी ती ट्रेझरी कमिटी, मग १ एप्रिलची चर्चा, मग २२ ऑक्टोबर २०१९, जेव्हा जॉन्सन यांच्या कराराचं विधेयक ३२९ विरुद्ध २९९ ने दुसऱ्या वाचनात पुढे गेलं आणि पाठोपाठ ते तीन दिवसांत उरकायचं वेळापत्रक ३०८ विरुद्ध ३२२ ने पडलं. त्या एका संध्याकाळी दोन्ही बाजूंचे सगळे मुद्दे येऊन जातात. त्यानंतर निवडणूक, ८० चं बहुमत, ३१ जानेवारी २०२० ला रात्री ११ वाजता बाहेर.

आणि मग १ जानेवारी २०२१ पासून कागद. करारात ड्यूटी शून्य आहे असं सगळीकडे सांगितलं गेलं, पण ती ब्रिटनमध्ये किंवा महासंघात बनलेल्या मालाला. भारतातून आलेले स्टीलचे डबे इथल्या गोदामात ठेवून नंतर जर्मनीला पाठवले तर ते ब्रिटिश होत नाहीत, तिकडे त्यांच्यावर परत ड्यूटी लागते. आमच्या एका गिऱ्हाइकाला हे पहिली खेप अडकल्यावर कळलं. फोनवर तो म्हणत होता, झीरो म्हणाले होते ना, झीरो म्हणाले होते. बिचाऱ्याला मी काय सांगू, समितीत यावर तास न् तास बोलणं झालं होतं.

गेल्या महिन्यात डेस्कवर एक नवीन मुलगी आलीय, २०१६ ला शाळेत होती. तिने विचारलं, हे सगळं आधी कोणी मोजलं नव्हतं का? मी तिला २३ मे २०१८ ची बैठक लावून दिली. साडेबत्तीस पौंड आलं तेव्हा तिने व्हिडिओ थांबवला, त्या दिवशीच्या डिक्लेरेशनची यादी उघडली, एकूण किती ते मोजलं आणि कॅल्क्युलेटर काढला.